शिरक्याची तपासणी

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एका दिवसात होत नाही. त्याआधी कित्येक वर्षे तेथील पेशी बदलत असतात. त्या वेळीच ओळखता येतात, हे दाखविले डॉक्टर पापनिकोलाऊ यांनी. मूळचे ते ग्रीसचे, १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. काचपट्टीवर पाहण्यासाठी पेशी दिल्या त्यांच्या पत्नी आंद्रोमाखी यांनी, आणि त्याही वर्षानुवर्षे. १९४३ साली ग्रंथ निघाला, त्यावर नावे मात्र पतीचे व डॉक्टर ट्राउट यांचे. असो.

त्या तपासणीला प्रयोगशाळा हवी, जाणकार हवा. म्हणून १९९८ साली मुंबईत टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी झोपडपट्ट्यांतून साधी रीत घेतली. पातळ शिरका, म्हणजे व्हिनेगरच, कापसाने मुखाशी लावावयाचा व मिनिटभर थांबावयाचे. बिघडलेली जागा पांढरी दिसते; मग पुढची तपासणी रुग्णालयात. हे काम केले दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांनी, चार आठवडे शिकून! आम्हां सातवीवाल्यांना वाचूनच हुरूप आला.

३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया यात होत्या. निम्म्यांची दर दोन वर्षांनी तपासणी, बाकीच्यांना नुसती माहिती. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला : तपासलेल्यांत या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. माहितीवरच ठेवलेल्या बायकांबद्दल पुढे टीका झाली, आणि ती मला पटते.

बोलावलेल्या दहांतल्या जवळजवळ नऊ जणी तपासणीला आल्या. तपासणारी बाईच होती, हेही कारण असावे.