अपस्मार व आंत्रशोथ यांवरील औषधांचे दुष्परिणाम

रोगनिवारणासाठी दिलेल्या औषधामुळे अपेक्षित परिणामाखेरीज जे अपायकारक परिणाम घडून येतात, त्यांना दुष्परिणाम म्हणतात. अपस्मार (फेफरे) व दीर्घकालिक आंत्रशोथ या दोन्ही विकारांत औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. त्यामुळे असे परिणाम सावकाश प्रकट होतात व पुष्कळदा मूळ रोगाचीच लक्षणे समजले जातात. दोन्ही उपचारांचे इतिहास स्वतंत्र आहेत; तथापि एकाच रोग्यात हे विकार असल्यास त्यांच्या औषधांचे परिणाम परस्परांत गुंततात.

अपस्मारावरील पहिले परिणामकारक औषध पोटॅशियम ब्रोमाइड हे होय. १८५७ मध्ये लंडन येथे चार्ल्स लोकॉक यांनी त्याचा उपयोग निदर्शनास आणला. झटके कमी झाले. परंतु अंगावर पुटकुळ्या, गुंगी व मतिमांद्य ही ब्रोमाइड-विषबाधेची लक्षणे आढळू लागली. जर्मनीत आल्फ्रेट हाउप्टमान यांनी १९१२ मध्ये पुढे आणलेले फिनोबार्बिटोन अधिक सुरक्षित, पण झोप आणणारे होते. झटके थांबवावयाचे तर गुंगी अटळ आहे, हा समज १९३८ मध्ये बॉस्टन येथील ट्रेसी पटनम व ह्यूस्टन मेरिट यांनी फेनिटॉइनाच्या यशस्वी वापराने खोडून काढला. या औषधाने हिरड्या वाढतात, हे पुढच्याच वर्षी नोंदले गेले. रक्तावरील परिणाम मात्र १९५० नंतरच्या दशकात लक्षात आला. काही रोग्यांच्या तांबड्या कोशिका संख्येने कमी व आकाराने मोठ्या दिसून आल्या. फॉलिक अम्लाची न्यूनता हे त्याचे कारण होते.

या अम्लाच्या शोधाचा मुंबईशी निकटचा संबंध आहे. ल्यूसी विल्स या ब्रिटिश संशोधिकेने मुंबईतील गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या अशाच पांडुरोगाचा अभ्यास केला व यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक अम्ल होय.

आंत्रशोथावरील सल्फासालाझीन हे औषध स्वीडनमधील नाना स्वार्ट्‌झ यांच्या संशोधनातून, मूलतः संधिवातासाठी, तयार झाले व त्यांनी १९४२ मध्ये त्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजंतू त्याचे दोन घटकांत विघटन करतात. त्यांपैकी मेसालाझीन हा घटक गुणकारी असून मळमळ, डोकेदुखी इ. बहुतेक त्रास सल्फापिरिडीन या दुसऱ्या घटकामुळे होतात. ऑक्सफर्ड येथील १९७७ च्या प्रयोगांनी गुणकारी घटक कोणता हे स्पष्ट झाले व पुढे तो स्वतंत्रपणे वापरात आला. सल्फासालाझीन फॉलिक अम्लाच्या शोषणात अडथळा आणते, असेही १९७३ मध्ये दाखविण्यात आले.

अशा रीतीने फेनिटॉइन व सल्फासालाझीन ही दोन्ही औषधे घेणाऱ्याच्या शरीरात एकाच द्रव्याची न्यूनता दोन वाटांनी निर्माण होऊ शकते. तिच्यावरील उपायही सर्वस्वी निर्धोक नाही. फॉलिक अम्ल दिल्याने रक्तातील फेनिटॉइनाचे प्रमाण घटून झटके पुन्हा सुरू होऊ शकतात. क्रोन रोगाने लहान आतड्याचा शेवटचा भाग बाधित झाला असेल, तर ब१२ जीवनसत्त्वाचे शोषणही मंदावते. अशा वेळी केवळ फॉलिक अम्ल दिल्यास रक्त सुधारते. पण तंत्रिकांची हानी चालूच राहते. याखेरीज फेनिटॉइन व फिनोबार्बिटोन यांमुळे यकृतातील एंझाइमांची क्रियाशीलता वाढते आणि आंत्रशोथात दिलेले प्रेडनिसोलोन लवकर नष्ट होऊन अपुरे पडते. उलट, आंत्रविकारात वापरले जाणारे मेट्रोनिडाझोल क्वचित स्वतःच झटके आणते.

लेव्हेटिरासिटामासारख्या नव्या औषधांचा यकृतातील एंझाइमांवर असा परिणाम फारसा होत नाही. तथापि स्वस्त असल्यामुळे जुनी औषधे अनेक देशांत अद्याप वापरात आहेत. दुष्परिणामांच्या भीतीने अपस्मारावरील औषध एकदम बंद करणे मात्र धोक्याचे असते; त्यामुळे लागोपाठ झटके येऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून दोन्ही विकारांवर उपचार करणाऱ्या वैद्यांना रोग्याच्या सर्व औषधांची माहिती असणे व ठरावीक काळाने रक्ततपासणी होणे आवश्यक असते.