आजीच्या गोष्टीतून गळलेल्या रमाबाई

पंडिता रमाबाईंची गोष्ट आमच्या घरी आजी सांगायची, आणि ती 1897 पासूनच सुरू व्हायची. त्या साली मध्य प्रांतात दुष्काळ होता. तिथून रमाबाईंनी मुली आणल्या, त्यांत आजीची आई होती. तिचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. दुधाचे दात अजून पडायचे होते, एवढंच. ती केडगावला रमाबाईंच्या आश्रमात, मुक्तिसदनात वाढली आणि पुढे तिथल्या छापखान्यात जुळारी झाली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं, त्याचे खिळे आश्रमातल्या बायकांनीच जुळवले. आईच्या बोटांची शाई साबणाने निघत नसे, हे सांगताना आजी स्वतःची बोटं पुढे करायची. रमाबाई 5 एप्रिल 1922 ला गेल्या आणि ते भाषांतर 1924 मध्ये बाहेर आलं. “बाईंनी कधी शंका घेतली नाही,” असं म्हणून आजी गोष्ट संपवायची.

कॉलेजात असताना मी आमच्या पाळकांना त्रैक्याबद्दल विचारलं. देव एक की तीन, हे मला खरंच समजून घ्यायचं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. रविवारी भर उपासनेत, माझं नाव घेऊन, आजारी माणसासाठी करतात तशी प्रार्थना केली. आई घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

पुढे रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार माझ्या हाती आला. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला हा ग्रंथ 1977 मध्ये निघाला. पत्रं जमवून ठेवली होती इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांनी, म्हणजे ज्यांच्याशी रमाबाईंचा वाद झाला त्यांनीच. याबद्दल मला त्या बाईंविषयी फार आदर वाटतो.

29 सप्टेंबर 1883 ला रमाबाईंनी वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांनी त्रैक्यावर शंका घेतली आणि त्रैक्य ठामपणे मांडणारा अथनेशियसचा विश्वासांगीकार मान्य करायला नकार दिला. शास्त्र प्रमाण मानीन, पण चर्च सांगतं म्हणून काही मानणार नाही, ही त्यांची भूमिका होती. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात असताना त्यांनी मुलग्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी आश्चर्य व्यक्त केलं: माझ्या वडिलांची, नवऱ्याची अशी हरकत नव्हती, मग तुमची का? पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, आता तसंच दुसरं चढवून घेणार नाही, हेही त्यांनी कळवलं. सिस्टर जेराल्डिन आज्ञापालन मागत होत्या. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील मात्र त्यांच्या प्रश्नांना प्रश्न म्हणूनच उत्तरं लिहीत राहिल्या. मला त्या रविवारी असं कुणीतरी हवं होतं.

पुढे रमाबाईंची श्रद्धा पालटली. इतकी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी 1907 च्या साक्षीत म्हटलं. केडगावचं वातावरण कडक भक्तीचं होतं आणि 1905 च्या धार्मिक संजीवनाच्या दिवसांत तिथे रात्रंदिवस प्रार्थना चालल्या. तेव्हा आजी खोटं सांगत नव्हती. तिच्या आईने पाहिल्या त्या रमाबाई अशाच होत्या. पण दुसऱ्याच्या शब्दावर न विसंबता हिब्रू-ग्रीक शिकून शास्त्र स्वतः वाचायचं आणि मजूर बाईलाही कळेल अशा भाषेत लिहायचं, हा हट्ट मला वाँटेजच्याच रमाबाईंचा वाटतो. शंका मिटली, पण ती घेणारा स्वभाव शेवटच्या प्रुफापर्यंत टिकला.

अशा गळलेल्या गोष्टी रमाबाईंच्याच नाहीत. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनीही 1917 मध्ये मिशनचा राजीनामा दिला आणि ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमाज सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आपण त्यांची भजनं दर रविवारी गातो, राजीनाम्याबद्दल मात्र संडे स्कूलमध्ये मी एक अक्षर ऐकलं नाही.

अशा गोष्टी पुन्हा गळू नयेत म्हणून मराठी ख्रिस्ती वाचकांना माझी विनंती आहे. घरात कुणा वडीलधाऱ्यांची वही असेल, पाळकांना लिहिलेलं आणि कधीच न पाठवलेलं पत्र असेल, तर घराण्याची लाज म्हणून ते जाळू नका. आणि प्रश्न तुमचा स्वतःचा असेल, तर तो मराठीत, स्वतःच्या नावाने लिहा.