शिवारात भरणारा विज्ञानाचा तास

१९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सहावी ते आठवीच्या सोळा शाळांना एक वेगळीच मुभा मिळाली. ठरलेलं पुस्तक वाचून घेण्याऐवजी विज्ञान प्रयोगांतून आणि आजूबाजूच्या परिसरातून शिकवून पाहा, असं सरकारने मान्य केलं. ही मुभा मागायला दोन लहान संस्था पुढे आल्या होत्या. एक होशंगाबाद शहरालगतच्या रसूलियाचं, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी उभं केलेलं फ्रेंड्स रूरल सेंटर. दुसरी बनखेडीजवळच्या पलिया पिपरिया या गावातली ‘किशोर भारती’. तिच्यामागे होते डॉ. अनिल सद्गोपाल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं रेणवीय जीवशास्त्राचं काम सोडून ते या खेड्यात येऊन राहिले होते.

या कामाचं एक मूळ मुंबईत आहे, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगं आहे. टाटा संस्थेतले काही शास्त्रज्ञ त्या काळात मुंबई महापालिकेच्या शाळांमध्ये भौतिकशास्त्र प्रयोगांतून शिकवून पाहत होते. प्रा. वि. गो. कुळकर्णी त्यांतले एक. पुढे १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं, त्याची धुरा त्यांनी वाहिली. महापालिकेच्या शाळेत जमतं, तर खेड्यातल्या शाळेत का जमू नये, हा प्रश्न होशंगाबादला घेऊन जाणारा होता. होशंगाबादचं काम सुरू झाल्याच्या पुढच्याच वर्षापासून दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी तिकडे जाऊ लागले. भौतिकशास्त्रज्ञ विनोद रैना त्याच वाटेने आले आणि मग या कामाचेच झाले.

कार्यक्रमाचं नाव होतं ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम’. तिकडची माणसं त्याला ‘होविशिका’ म्हणतात. जिल्ह्याचं नाव आता नर्मदापुरम झालं आहे, पण कार्यक्रमाची ओळख जुन्या नावानेच राहिली.

होविशिकाबद्दल बोलताना बहुतेक लोक साध्यासुध्या साहित्यातून केलेल्या प्रयोगांबद्दल बोलतात. ते खरंच मोलाचं होतं. पण माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्यांचं ‘परिभ्रमण’. वर्ग उठायचा, वह्या-पेन्सिली घ्यायचा आणि शाळेबाहेर पडायचा. शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी, उकिरड्यापाशी, गावच्या विहिरीवर. हे सहलीसारखं वर्षातून एकदा नव्हतं. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकाची रचनाच अशी होती, की बाहेर गेल्याशिवाय कित्येक धडे पुढे सरकतच नसत. पुस्तकात उत्तरं नव्हती. करून पाहायच्या गोष्टी होत्या, प्रश्न होते आणि रिकामे तक्ते होते. ते तक्ते भरायचे ते मुलांनी स्वतः पाहिलेल्या गोष्टींनी.

‘जड़ और पत्ती’ हा त्यातला गाजलेला धडा. चार-चार मुलांची एक ‘टोली’. पावसाळ्यात जमीन मऊ असते, तेव्हा रोपटी मुळासकट हाती येतात. मुलं गवत आणतात, मका आणतात, तूर, टाकळा, माठ, जे दिसेल ते. मग प्रत्येक पान उजेडात धरून शिरा पाहायच्या: जाळी आहे की समांतर रेघा? मूळ धुऊन पाहायचं: एक जाड सोटमूळ आहे की तंतूंचा झुपका? तक्ता भरत जातो आणि दहा-पंधरा रोपट्यांनंतर कुणीतरी ओरडतं. जाळीदार पानाच्या रोपट्याला सोटमूळ, रेघांच्या पानाला तंतुमूळ! एकदलिकित आणि द्विदलिकित हे शब्द अजून कुणी उच्चारलेलेही नसतात. आता पुढची पायरी येते. नुसतं पान पाहून मूळ कसं असेल ते सांगायचं आणि मग उपटून खातरजमा करायची. अंदाज, पडताळा आणि मग नियम, विज्ञानाची ही चाल मुलं बांधावर उभी राहून शिकतात. कुणी अळू आणलंच तर आणखी मौज. अळू एकदलिकित, पण त्याच्या पानावरच्या शिरा जाळीसारख्या. नियमाला अपवाद निघाला की नियम खोटा ठरला का, यावर वर्गात वाद होतो. असा वाद ज्या वर्गात झाला, त्या वर्गाला विज्ञान कळलं असं मी मानतो.

माशीचं जीवनचक्रही असंच. शेणात माशी अंडी घालते, त्यातून अळी येते, अळीचा कोष होतो, कोषातून माशी. उबदार हवेत हे सगळं दीड-दोन आठवड्यांत उरकतं, म्हणजे शाळेच्या वेळापत्रकात सहज बसतं. खेड्यातल्या मुलांनी माश्या जन्मभर पाहिलेल्या असतात, पण शेणातली अळी आणि ताटावरची माशी एकच, हे फार थोड्यांनी ताडून पाहिलेलं असतं. एका बाटलीत झाकून ठेवलेलं शेण रोज पाहायचं आणि जे दिसेल त्याचं चित्र काढायचं. सावलीचंही तसंच. ती मोजायची भर उन्हात काठी रोवून, आणि दिवसभरातली सर्वांत आखूड सावली कोणत्या दिशेला पडते ते पाहून उत्तर-दक्षिण दिशा ठरवायची. अंगणाएवढी प्रयोगशाळा पुरे.

माती हा विषय तर त्या जिल्ह्यात नुसता धड्याचा नव्हता. तवा धरणाचं पाणी काळ्या जमिनीत मुरून शेतं पाणथळ होऊ लागली होती आणि १९७७ मध्ये तिथे ‘मिट्टी बचाओ आंदोलन’ उभं राहिलं. कोणती माती किती पाणी धरून ठेवते, हा प्रश्न ज्यांच्या बापाच्या शेतात उभा होता, त्या मुलांना तो वर्गात मोजून पाहायला मिळणं ही मोठीच गोष्ट होती.

आता शिक्षकांकडे येऊ, कारण या वाटचालीचं खरं श्रेय त्यांचं आहे. गावातल्या शाळेत शिकवणारा माणूस, अनेकदा स्वतः विज्ञान न शिकलेला. त्याने मुलांना घेऊन शिवारात जायचं म्हणजे पावलोपावली अवघड प्रश्नांना सामोरं जायचं. पुस्तक हातात असताना शिक्षक सुरक्षित असतो. बांधावर तो तसा नसतो. ‘गुरुजी, हे काय?’ या प्रश्नाला ‘मला माहीत नाही, पाहू या’ असं म्हणायचं धैर्य कुठून यायचं? होविशिकाने यावर उपाय काढला तो प्रशिक्षणाचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन-तीन आठवडे शिक्षक एकत्र यायचे आणि मुलांनी करायचे तेच प्रयोग, तसेच चार-चारच्या टोलीत बसून, स्वतः करायचे. शिक्षकाने विचारलेला कोणताही प्रश्न उडवून लावायचा नाही, हा तिथला शिरस्ता होता. दिल्ली-मुंबईहून आलेल्या शास्त्रज्ञालाही अनेकदा उत्तर येत नसे, आणि ते सगळ्यांसमोर मान्य करावं लागे. रानातल्या एखाद्या झुडपाचं नाव आणि गुण गावचा शिक्षकच त्याला सांगायचा. ही बरोबरी कागदावर लिहून येत नाही. ती एकत्र बसून, हात मळवून येते.

सुट्टी संपल्यावर शिक्षकाला एकटं सोडलं जात नसे. दर महिन्याला जवळच्या ‘संगम केंद्रा’वर बैठक व्हायची. शाळेत जाऊन वर्ग पाहायचा, अडचण समजून घ्यायची, याला ते ‘अनुवर्तन’ म्हणत. मुलांसाठी ‘सवालीराम’ होता. हा कुणी खरा माणूस नव्हे. पण मुलं त्याच्या नावाने पत्रं पाठवायची, मनात आलेलं काहीही विचारायची, आणि त्यांना उत्तरं जायची. ज्या समाजात मुलाने प्रश्न विचारला की त्याला गप्प केलं जातं, तिथे प्रश्न विचारण्यासाठी एक पत्ता असणं किती मोठं आहे!

आणि परीक्षा. कित्येक चांगले उपक्रम परीक्षेच्या दारात येऊन मरतात. होविशिकाने परीक्षाच बदलली. मुलांनी पुस्तक आणि वही घेऊन परीक्षेला बसायचं. व्याख्या विचारायच्या नाहीत. नवी परिस्थिती द्यायची आणि विचार करायला लावायचं. सोबत प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा. पाठांतराला गुण नाहीत म्हटल्यावर शिक्षकालाही वर्ग बाहेर नेण्यात वेळ वाया गेला असं वाटेनासं झालं. मुलांना बाहेर नेणं ही या कामातली सोपी बाजू होती. बाहेर जाण्याला शाळेच्या हिशेबात जागा करून देणं, ही अवघड. सरकारी शाळेत, सरकारी शिक्षकांसह, सरकारी परीक्षेत ती जागा त्यांनी मिळवली, म्हणून मी या कामाला एवढं मोठं मानतो. खासगी, श्रीमंत शाळेत असं काही करून दाखवणं त्यापुढे फार हलकं काम आहे.

१९७८ मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण होशंगाबाद जिल्ह्यात गेला. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्कोत काम करणारे, आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता वर्षभराची रजा घेऊन तिथे आले. माचिसच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांनी भूमितीचे सांगाडे उभे केले, आणि पुढचं सगळं आयुष्य मुलांसाठी खेळणी आणि पुस्तकं करण्यात घालवलं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात, पु. ल. देशपांडे यांच्या स्मृतीशी जोडलेल्या ‘पुलस्त्य’ या वास्तूत, मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी जे काम उभं केलं, ते हजारो मराठी मुलांनी पाहिलं आहे. त्याचा उगम होशंगाबादेत आहे.

काम वाढलं तसं ते सांभाळायला १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. भोपाळ, होशंगाबाद, पिपरिया, हरदा, देवास, उज्जैन अशी तिची केंद्रं उघडली. १९८५ मध्ये मुलांसाठी ‘चकमक’ हे मासिक निघालं, नंतर शिक्षकांसाठी ‘संदर्भ’. त्याच प्रेरणेतून पुण्याहून मराठीत ‘शैक्षणिक संदर्भ’ निघू लागलं. प्राथमिक शाळा, सामाजिक शास्त्रं, प्रकाशन अशा अनेक वाटा फुटल्या. होविशिका पुढे १५ जिल्ह्यांतल्या शेकडो शाळांत पोचला आणि सुमारे लाखभर मुलं दरवर्षी तो शिकू लागली.

अडचणी नव्हत्या असं नाही. नववीत गेल्यावर मुलांना पुन्हा तेच पाठांतर करावं लागे, आणि इतर शाळांच्या मुलांपेक्षा ‘माहिती’ कमी आहे अशी पालकांची तक्रार असे. साहित्याच्या पेट्या वेळेवर भरून मिळत नसत. शिक्षकांच्या बदल्या होत. या सगळ्यावर उपाय होते आणि ते शोधले जात होते. पुस्तकंही पुन्हा लिहिली गेली.

२००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने हा कार्यक्रम बंद केला. जिल्हा नियोजन समितीने तशी शिफारस केली होती. सर्वत्र एकच पुस्तक लागू झालं. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी निषेधाची पत्रं लिहिली, पण निर्णय फिरला नाही. तीस वर्षं सरकारी शाळांमध्ये चाललेलं काम एका आदेशाने थांबलं, आणि ज्या शिक्षकांनी ते उभं केलं त्यांचं म्हणणं त्या निर्णयात कुठे दिसत नाही. याचं दुःख आजही वाटतं. सुशील जोशी यांनी ‘जश्न-ए-तालीम’ या पुस्तकात या तीस वर्षांचा इतिहास लिहून ठेवला आहे. शिक्षणात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा.

एकलव्य मात्र थांबली नाही. तिची पुस्तकं, मासिकं आणि शिक्षकांबरोबरचं काम सुरू राहिलं. १९७०च्या दशकात ज्या भौतिकशास्त्रज्ञ यश पाल यांनी टाटा संस्थेतून या कामाला पाठबळ दिलं, त्यांच्याच अध्यक्षतेखाली २००५चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तयार झाला. मुलाने स्वतः ज्ञान घडवावं, ते शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडलेलं असावं, हे त्यात देशाने मान्य केलं.

आपल्याकडे तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ हा विषय आहे. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा शिक्षकांना विचारा, की या वर्षात वर्ग किती वेळा परिसरात गेला आणि तिथे पाहिलेल्या गोष्टींना परीक्षेत किती गुण आहेत. एखाद्या शिक्षकाने वर्ग शिवारात नेला आणि मुलं पाय चिखलाने माखून घरी आली, तर तक्रार करू नका. मुख्याध्यापकांना भेटा आणि त्या शिक्षकाच्या पाठीशी उभे राहा.