कॅनबेराची पन्नास वर्षे

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा कानपूरच्या विमानतळावर अमेरिकन बनावटीच्या लिबरेटर बाँबफेकी विमानांचा मोठा ढीग मागे पडला होता. ही विमाने पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून जाणाऱ्यांनी ती जाणूनबुजून मोडून ठेवली होती. १९४८ साली बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने या भंगारातून चाळिसाच्या आसपास विमाने डागडुजी करून उभी केली, ती उडवीत बंगलोरला नेली, आणि स्वतंत्र भारताच्या हवाई दलाला त्याचे पहिले अवजड बाँबफेकी पथक मिळाले. कानपूरचा हा पराक्रम कौतुकास्पद खरा. परंतु दुसऱ्याने टाकून दिलेल्या विमानांवर कोणत्याही राष्ट्राचे संरक्षण फार दिवस अवलंबून राहू शकत नाही. शिवाय दरम्यानच्या काळात पंख्याची विमाने मागे पडून जेट विमानांचे युग सुरू झाले होते.

लिबरेटरच्या जागी कोणते विमान घ्यावे, हा प्रश्न केवळ लष्करी नव्हता. रशियाचे इल्यूशिन-२८ हे जेट बाँबफेकी विमान भारताच्या विचाराधीन होते. ते आले असते तर ब्रिटिश सामग्रीवर वाढलेल्या हवाई दलात रशियाचा प्रवेश तेव्हाच झाला असता, आणि ही गोष्ट लंडनला मुळीच रुचणारी नव्हती. अखेर पारडे इंग्लंडच्या बाजूने झुकले. जानेवारी १९५७ मध्ये अडुसष्ट कॅनबेरा विमानांचा करार झाला. त्यांत चोपन्न बाँबफेकी, आठ छायाचित्रे घेणारी आणि सहा प्रशिक्षणाची होती. त्याच वर्षी ती येऊ लागली. पाच क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने लिबरेटर सोडून कॅनबेरा घेतले. पुढे सोळा व पस्तीस क्रमांकांच्या स्क्वॉड्रननाही तेच मिळाले. छायाचित्रणाचे काम एकशे सहा क्रमांकाच्या स्क्वॉड्रनकडे गेले.

कॅनबेरा हे इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचे अपत्य, आणि त्याचा आराखडा डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर या अभियंत्याचा. १३ मे १९४९ रोजी ते प्रथम आकाशात गेले. ऑस्ट्रेलिया हे त्याचे पहिले परदेशी गिऱ्हाईक, म्हणून त्या देशाच्या राजधानीचे नाव त्याला मिळाले. पुढे भारतीय हवाई दलात ज्याने नाव गाजविले ते चिमुकले नॅट विमानही याच पेटरच्या कल्पनेतून उतरले, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कॅनबेराला दोन एव्हन एंजिने होती आणि पंख रुंद व आखूड होते. त्या पंखांमुळे ते अठ्ठेचाळीस हजार फुटांपर्यंत चढू शके. इतक्या उंचीवर त्याला गाठणे १९५० च्या सुमाराच्या कोणत्याही लढाऊ विमानाला दुर्घट होते. म्हणूनच मूळच्या बाँबफेकी विमानावर बचावाची एकही बंदूक ठेवलेली नव्हती. उंची आणि वेग हीच त्याची ढाल.

भारताने घेतलेला प्रकार मात्र थोडा निराळा होता. तो रात्री, खालून उडून, शत्रूच्या हद्दीत खोलवर शिरून मारा करण्यासाठी तयार केलेला होता. त्याच्या पोटाखाली वीस मिलिमीटरच्या चार तोफा बसविता येत. वैमानिक डाव्या बाजूस लढाऊ विमानासारख्या काचेच्या घुमटाखाली एकटाच बसे. त्याचा सोबती, म्हणजे दिशा दाखविणारा आणि बाँब टाकणारा नॅव्हिगेटर, खाली विमानाच्या नाकाडात असे. तेथे त्याचे नकाशाचे मेज होते, आणि बाँब टाकण्याची वेळ आली की तो पालथा पडून समोरच्या काचेतून खाली पाही. वैमानिकाला इजेक्शन सीट होती; एक दांडी ओढली की तो आसनासकट बाहेर फेकला जाई. नॅव्हिगेटरला ती नव्हती. त्याने हवाई छत्री छातीला अडकवावी, उजव्या बाजूचे दार उघडावे आणि बाहेर उडी टाकावी, अशी योजना होती. चाळीस हजार फुटांवर हे कदाचित जमलेही असते. जमिनीपासून काहीशे फुटांवर, जळत्या विमानात, त्या दाराचा उपयोग किती, हे सांगावयास तज्ज्ञ नको. ही विमाने ज्यांनी वर्षानुवर्षे उडविली त्या प्रत्येक जोडीला ते ठाऊक होते, आणि तरीही ती जोडी एकत्र उडत राहिली.

छायाचित्रे घेणाऱ्या प्रकारात दोघांनाही अशी आसने होती. १० एप्रिल १९५९ रोजी, ईदच्या दिवशी, असे एक कॅनबेरा रावळपिंडीजवळ पाकिस्तानी सेबर विमानाने पाडले. स्क्वॉड्रन लीडर सेनगुप्ता व फ्लाइट लेफ्टनंट रामपाल हे दोघेही पाकिस्तानच्या हाती सापडले. परंतु जिवंत सापडले, आणि मायदेशी परतले.

बाँबफेक्या कॅनबेरांना युद्धाचा पहिला अनुभव आला तो भारतापासून फार दूर, आफ्रिकेत. काँगोत कटंगा प्रांत फुटून निघाला होता आणि संयुक्त राष्ट्रांच्या सेनेवर तेथील विमाने हल्ले करीत होती. १९६१ च्या ऑक्टोबरात पाच क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची सहा कॅनबेरा विंग कमांडर ए. आय. के. सुआरिस यांच्या आधिपत्याखाली लिओपोल्डव्हिलला, म्हणजे आजच्या किन्शासाला, पोहोचली. डिसेंबरच्या आरंभी त्यांनी कोलवेझीच्या विमानतळावर चढाई केली आणि कटंगाची विमाने जमिनीवरच निकालात काढली. शांततेसाठी गेलेल्या सेनेला बाँबफेकी विमाने वापरावी लागावीत, ही गोष्ट त्या काळी अनेकांना विसंगत वाटली. प्रत्यक्ष रणभूमीवर असलेल्या सैनिकांना ती तशी वाटली नसावी.

त्याच महिन्यात गोव्याची कारवाई झाली. १८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याहून पस्तीस क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची बारा कॅनबेरा विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली निघाली आणि काही मिनिटांत दाभोळीच्या धावपट्टीवर त्रेसष्ट हजार पौंड बाँब पडले. मागोमाग आणखी आठ विमाने आली. हुकूम स्पष्ट होता: धावपट्टी निकामी करावी, इमारतींना धक्का लावू नये. तो तंतोतंत पाळला गेला. पण त्याच आज्ञेपायी तळावर उभी असलेली दोन पोर्तुगीज वाहतूक विमाने बचावली. रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीवरचे खड्डे घाईघाईने बुजविले, बायकामुलांना त्या विमानांत बसविले आणि अंधारात कराचीची वाट धरली. एका दिवसाच्या बाँबफेकीचे लष्करी फळ त्यामुळे काहीसे उणे झाले असेल. मुक्त गोव्याला मात्र आपला विमानतळ उभ्या इमारतींसह मिळाला.

१९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले तेव्हा काँगोतील कॅनबेरा परत बोलावण्यात आली. परंतु त्यांचा बाँबफेकीसाठी उपयोग झाला नाही. चीन आपल्या शहरांवर सूड उगवील, ही भीती दिल्लीत प्रबळ होती. वास्तविक एकशे सहा क्रमांकाचे जगमोहन नाथ हे त्यापूर्वी दोन वर्षे अक्साई चीन व तिबेटवर कॅनबेरा नेत होते आणि जमिनीवर काय आहे ते छायाचित्रांच्या रूपाने आणून देत होते. चीनचे हवाई दल तिबेटात दिसत नव्हते, असे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. छायाचित्रे वेळेवर मिळाली. ती पाहून जो निर्णय व्हावयास हवा होता तो झाला नाही. त्या वर्षीच्या सर्व चुकांमध्ये ही लहान म्हणता येणार नाही. नाथांना महावीरचक्र मिळाले, आणि १९६५ मधील कामगिरीबद्दल पुन्हा एकदा मिळाले.

१९६५ चे युद्ध हा कॅनबेराच्या आयुष्यातील खरा कसोटीचा काळ. यात एक विलक्षण गोष्ट अशी की, दोन्ही बाजूंना एकच विमान होते. पाकिस्तानकडील बी-५७ म्हणजे अमेरिकेत परवान्याने बांधलेले कॅनबेराच. रात्र पडली की आग्र्याहून एक निघे आणि पेशावरहून दुसरे. ७ सप्टेंबरला बंगालमधील कलाईकुंडा येथे उघड्यावर उभी असलेली काही कॅनबेरा पाकिस्तानी सेबरांनी जाळली. विमाने पसरून, झाकून ठेवण्याचा धडा त्या दिवशी महाग पडला. परंतु रात्रीच्या चढाया थांबल्या नाहीत. १३ सप्टेंबरच्या रात्री कॅनबेरा थेट पेशावरपर्यंत गेली. आठवड्याभराने, २१ तारखेस, सोळा क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने सिंधमधील बदीनच्या रडार केंद्रावर हल्ला चढविला. पाच क्रमांकाचे विंग कमांडर प्रेमपाल सिंग आणि आग्र्याच्या प्रशिक्षण पथकाचे विंग कमांडर पद्मनाभ गौतम यांना महावीरचक्रे मिळाली.

त्याच २१ सप्टेंबरच्या रात्री सरगोध्याहून परतणाऱ्या एका कॅनबेराला पाकिस्तानच्या एफ-१०४ विमानाने फाजिल्काच्या बाजूस गाठले. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट लोव यांनी दांडी ओढली, ते बाहेर फेकले गेले आणि कैदी झाले. नॅव्हिगेटर फ्लाइंग ऑफिसर कपूर विमानातच राहिले. युद्धबंदी त्यानंतर दोनच दिवसांनी झाली.

सहा वर्षांनी पुन्हा युद्ध आले तेव्हा कॅनबेरा जुने झाले होते, पण त्याची जागा घेणारे दुसरे विमान नव्हते. डिसेंबर १९७१ मध्ये ते मियाँवालीवर गेले, सरगोध्यावर गेले, आणि ८ डिसेंबरच्या रात्री कराचीच्या किमाडी येथील तेलसाठ्यांवरही गेले. गौतम आता सोळा क्रमांकाचे प्रमुख होते. त्यांनाही दुसरे महावीरचक्र मिळाले. हवाई दलात हा मान दोनदा मिळविणारे दोघेच, आणि दोघेही कॅनबेराचे. पुढच्याच वर्षी गौतम पुण्याजवळ मिग विमानाच्या अपघातात गेले. छायाचित्रणाच्या कामाबद्दल महावीरचक्र मिळालेले विंग कमांडर रमेश सखाराम बेनेगल यांची कथा तर एखाद्या कादंबरीला शोभावी. ब्रह्मदेशात वाढलेला हा मुलगा आझाद हिंद सेनेचा छात्र म्हणून जपानमध्ये शिकला होता. पंचवीसेक वर्षांनी तोच एकशे सहा क्रमांकाचे नेतृत्व करीत पाकिस्तानवर उडत होता. त्या युद्धातही काही कॅनबेरा परतली नाहीत, आणि त्यांतील काही जणांची नावे बेपत्तांच्या यादीतच राहिली.

१९७९ पासून जॅग्वार विमाने येऊ लागली आणि माऱ्याचे काम हळूहळू त्यांच्याकडे गेले. एवढ्यावर कॅनबेराची सेवा संपावयास हरकत नव्हती. पण नव्या विमानांच्या खरेदीची कागदपत्रे ज्या गतीने फिरतात ती पाहता जुन्या विमानाला रजा मिळणे सोपे नसते. कोणी नेमबाजीच्या सरावासाठी लक्ष्य ओढले, कोणी रडारला चकविण्याचे काम केले, आणि एकशे सहा क्रमांकाची विमाने पूर्वीप्रमाणे छायाचित्रे घेत राहिली. त्यांना उडविणारे बहुतेक वैमानिक आता त्या विमानांपेक्षा वयाने लहान होते.

२१ मे १९९९ रोजी कारगिलच्या शिखरांवर घुसखोरांचा माग काढताना अशा एका कॅनबेराच्या उजव्या एंजिनावर खांद्यावरून डागलेले क्षेपणास्त्र आदळले. स्क्वॉड्रन लीडर पेरुमाळ यांनी उरलेल्या एका एंजिनावर ते डोंगरांमधून बाहेर काढले आणि श्रीनगरला सुखरूप उतरविले. विमान चाळीस वर्षांच्या जुन्या पिढीचे होते. त्याने मार खाल्ला आणि दोघांनाही घरी आणले. आणखी आठ वर्षांनी, ११ मे २००७ रोजी, आग्र्याच्या तळावर हवाई दलाने शेवटच्या कॅनबेरांना निरोप दिला. त्याच तळावरून ती पेशावरला जात असत.