वारीत पायाला आलेला फोड बरा कसा होतो?
ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूतून निघते आणि दोन-तीन मुक्कामांतच कित्येकांच्या तळव्यांना फोड येतात. सारखं घासून कातडीचे थर सुटतात, मधे पाणी भरतं. वरची कातडी म्हणजे शरीराचं स्वतःचं बँडेज. तिच्याखाली नवी कातडी तयार होते, म्हणून फोड मुद्दाम फोडू नका.

फुटून खोल जखम झाली तर काम वाढतं. आधी प्लेटलेट्स रक्त थांबवतात. मग पांढऱ्या पेशी जंतू मारतात, घाण साफ करतात. सुरुवातीची थोडी लाली आणि सूज त्याचीच. नंतर आत कोलॅजन विणलं जातं आणि कडेच्या पेशी सरकत येऊन जखम झाकतात. कोरड्या खपलीखालून त्यांना सरकणं जड जातं. ओलसर झाकलेली जखम लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं. आपल्याकडे मात्र अजून 'जखमेला हवा लागू दे' चालूच आहे!

खरा धोका मधुमेहींना. तळव्याची संवेदना गेलेली असेल तर फोड दुखतच नाही, माणूस त्यावरच चालत राहतो. साखर जास्त असली की पांढऱ्या पेशीही नीट काम करत नाहीत. अशांनी रोज मुक्कामाला तळवे बघायचे, स्वतःला दिसत नसतील तर सोबत्याला दाखवायचे. पू किंवा काळेपणा दिसला तर थेट डॉक्टर गाठायचा.