लज्जा चेहऱ्यावर आली तेव्हा

इंग्रजीतील ‘शेमफेस्ड’ या विशेषणाचा अर्थ आपण सहजपणे ‘ओशाळलेला’ असा करतो. लज्जा आणि चेहरा यांच्या संयोगातून तो सिद्ध झाला असावा, असेही वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. मूळ शब्द ‘शेमफास्ट’. यातील ‘फास्ट’ म्हणजे दृढ; ‘स्टेडफास्ट’मध्ये तो अर्थ आजही टिकून आहे. प्राचीन इंग्रजीपासून हे विशेषण विनयशील, मर्यादेने बांधलेल्या व्यक्तीला लागत असे. सोळाव्या शतकात, मुख्यतः ध्वनिसाम्यामुळे, ‘फास्ट’च्या जागी ‘फेस्ड’ आले. १६११च्या बायबल-भाषांतरात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, या शब्दाचे जुने रूप होते. पुढील आवृत्त्यांत ते बदलले गेले आणि १८८१च्या सुधारित भाषांतराने ते पुन्हा स्वीकारले.

बदल ध्वनीचा, परिणाम मात्र अर्थावर झाला. अंतरीचे शील पाहणाऱ्याच्या नजरेचा विषय बनले. या वर्गातील इतर विशेषणेही पाहणाऱ्याच्याच बाजूने बोलतात. किरकोळ लबाडी उघडकीस आल्यावरचे ओशाळे हसू ‘शीपिश’ ठरते, तेथे मेंढीचा बावळटपणा अभिप्रेत असतो. ‘क्रेस्टफॉलन’मध्ये तुरा पडलेला कोंबडा आहे, तेथे आधीचा ताठा गृहीत धरावा लागतो. ‘ब्लशिंग’ आणि ‘फ्लश्ड’ यांत केवळ रंग उरतो. पैकी दुसरे विशेषण संताप, ज्वर वा मद्य यांनाही चालते.

रंगाच्या या भाषेत एक गृहीतक दडलेले आहे : त्वचा गोरी असावी. ज्यांची लाली दिसत नाही त्यांच्यावर विश्वास कसा ठेवावा, हा स्पॅनिश वसाहतवाद्यांचा कुत्सित प्रश्न हुम्बोल्टने निषेध न करता नोंदवला होता. डार्विनने १८७२च्या भावाभिव्यक्तीविषयक ग्रंथात त्याचा उल्लेख केला आणि सावळ्या, कृष्णवर्णी लोकांचेही चेहरे लाजेने आरक्त होतात, रंगबदल दिसो वा न दिसो, असे प्रतिपादन केले. दृश्यता म्हणजे लज्जा नव्हे, हे त्यातून निष्पन्न होते.

भाषांतरकाराने म्हणूनच सावध राहावे. ‘ब्लशिंग’साठी ‘आरक्त’ हा प्रतिशब्द हाताशी असला, तरी मराठीत मान खाली जाते, चेहरा पडतो, माणूस वरमतो, कानकोंडा होतो. हे वाक्प्रचार कोणत्याही वर्णाच्या माणसाला लागू पडतात. नेमके विशेषण निवडणे म्हणजे कोण कोणाकडे पाहत आहे, हे ठरवणे होय.