शटरची स्प्रिंग

गुंडाळत्या लोखंडी शटरचे वजन तोलणारी पोलादी पट्टीची गुंडाळी. सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानांना आणि घराखालच्या गाळ्यांना अशी शटर दिसतात. स्प्रिंगचे आतले टोक स्थिर पाइपाला, बाहेरचे डब्याला जोडतात आणि पट्ट्यांचा पडदा डब्यावर गुंडाळला जातो. शटर उतरताना स्प्रिंग आवळते. तोच ताण ते उचलताना कामी येतो. बसवताना ब्रॅकेट पाणसळीत घेऊन, पाइपपान्याने पाइप फिरवून ताण भरतात व क्लॅम्प कसतात. पाना निसटला तर मनगट मोडू शकते; हे काम एकट्याने करू नये. अर्ध्यावर सोडलेले शटर जागीच थांबले, तर ताण बरोबर. मोठ्या शटरला गिअर व साखळी लागते. भारतात गुंडाळत्या शटरसाठी आयएस ६२४८ हे मानक आहे.